टॉवर आणि कॉकपिट यांच्यात शब्द नेमका कुठे निसटतो?

विमाननगरला राहणाऱ्या आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: रेडिओवर सगळं ठरलेल्या शब्दांतच बोलायचं असतं, महत्त्वाची प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवायची असते, मग वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यात गैरसमज होतातच कसे? आणि आरटीआर, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलण्याच्या परवान्याच्या, परीक्षेसाठी पाठांतराशिवाय आणखी काय करावं?

आधी थेट उत्तर देतो. चूक बोलताना होते त्यापेक्षा जास्त वेळा ती ऐकताना सुटते. कंट्रोलर सूचना देतो, वैमानिक ती परत म्हणतो, म्हणजे रीडबॅक देतो, आणि मग कंट्रोलरने तो रीडबॅक आपल्या सूचनेशी ताडून पाहायचा असतो. या तिसऱ्या पायरीला हिअरबॅक म्हणतात. पहिल्या दोन पायऱ्या टेपवर ऐकू येतात, तिसरी ऐकू येत नाही, कारण ती डोक्यात घडते. कंट्रोलरचं लक्ष तेवढ्यात पुढच्या विमानाकडे गेलं, स्ट्रिपवर, म्हणजे प्रत्येक विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, लिहिण्यात गेलं किंवा हॉटलाइन वाजली, की चुकीचा रीडबॅक बरोबर समजून निघून जातो. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र कंट्रोलर गप्प राहिला याचा अर्थ ‘बरोबर आहे’ असाच होतो. चूक पक्की होते ती या शांततेत.

आता यंत्राकडे वळू, कारण बरेच घोटाळे त्याच्या स्वभावातून येतात. नागरी विमानांचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या व्हीएचएफ पट्ट्यात, एएम पद्धतीने चालतो. फ्रिक्वेन्सी एकच, त्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला दुसऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर बाकीच्यांना चिरकी शिट्टी ऐकू येते. एफएम वापरलं असतं तर आवाज स्वच्छ आला असता, पण जोरदार सिग्नलने कमजोर सिग्नल पुरता गिळला असता आणि दोघे बोलले हे कुणाला कळलंही नसतं. शिट्टी निदान सांगते की इथे काहीतरी हरवलं. म्हणून शिट्टी ऐकणाऱ्या तिसऱ्या वैमानिकाने ‘ब्लॉक्ड’ म्हणावं. त्या एका शब्दाने अपघात टळू शकतो. नवशिके वैमानिक ‘आपला काय संबंध’ म्हणून गप्प बसतात, ते चूक आहे.

बटणाचा दुसरा त्रास म्हणजे वाक्याची सुरुवात कापली जाणं. बोट आणि तोंड एकदम चालतं आणि पहिला शब्द हवेत जातच नाही. ‘डू नॉट क्रॉस’मधले पहिले दोन शब्द कापले गेले तर काय उरतं ते पाहा. म्हणूनच धावपट्टीपाशी थांबवायचं असेल तर ‘होल्ड शॉर्ट’ किंवा ‘होल्ड पोझिशन’ म्हणतात, नकार जोडून ओलांडण्याची भाषा करत नाहीत. सवय अशी लावा: फ्रिक्वेन्सीवर आल्यावर आधी ऐका, बटण दाबा, अर्धा सेकंद थांबा, बोला, शेवटचा शब्द पूर्ण झाल्यावरच बोट उचला. बटण अडकून राहिलं तर सगळी फ्रिक्वेन्सी ठप्प होते आणि ज्याचं बटण अडकलंय त्याला ते कळतच नाही. बराच वेळ कुणीच बोलत नाही असं वाटलं, तर आधी आपलंच बटण तपासावं.

कॉलसाइन म्हणजे रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव. सारख्या कॉलसाइनचा धोका याच यंत्राशी जोडलेला आहे. आपल्याकडे देशांतर्गत वाहतुकीचा मोठा भाग एकाच कंपनीकडे, इंडिगोकडे, असल्याने रेडिओवर तिचा ‘आयफ्लाय’ हा शब्द सतत ऐकू येतो आणि फरक राहतो तो फक्त आकड्यांचा. समजा, ‘आयफ्लाय सिक्स टू वन फोर’ आणि ‘आयफ्लाय सिक्स टू फोर वन’ एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. कंट्रोलरने पहिल्याला खाली उतरायला सांगितलं. पहिल्याने रीडबॅक दिला, पण दुसऱ्यालाही ती सूचना आपलीच वाटली आणि त्यानेही त्याच क्षणी रीडबॅक दिला. टॉवरच्या अँटेनाजवळ असलेल्याचा आवाज वर राहिला, दुसऱ्याचा दबला. कंट्रोलरला थोडी खरखर आणि बरोबर रीडबॅक ऐकू आला. प्रत्यक्षात दोन विमानं उतरू लागली. इथे एकाही माणसाने नियम मोडलेला नाही, म्हणूनच हा प्रकार मला सगळ्यांत घातक वाटतो. यावर उपाय तीन आहेत. रीडबॅकमध्ये पूर्ण कॉलसाइन म्हणा आणि कंट्रोलरने स्वतः तो लहान केल्याशिवाय लहान करू नका. कंट्रोलरने दोघांनाही सारख्या कॉलसाइनची आगाऊ सूचना द्यावी, गरज पडल्यास एकाचा कॉलसाइन तात्पुरता बदलावा. आणि खरखर ऐकू आली तर रीडबॅक बरोबर वाटला तरी पुन्हा मागावा.

या शिट्टीची सगळ्यांत भयंकर किंमत २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या लॉस रोडिओस विमानतळावर मोजावी लागली. दाट धुक्यात केएलएम कंपनीचं बोईंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभं होतं आणि पॅन ॲमचं ७४७ त्याच धावपट्टीवरून चालत येत होतं. केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाचा क्लिअरन्स, म्हणजे मंजुरी, मिळाला. त्या वाक्यात ‘टेकऑफ’ हा शब्द होता, पण उड्डाणाची परवानगी नव्हती. रीडबॅकच्या शेवटी सहवैमानिक म्हणाला, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. कंट्रोलरला वाटलं, ते तयार उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ, आय विल कॉल यू’ असं सांगितलं. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’नंतर मुख्यतः शिट्टी पोचली. ५८३ माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला: ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. ‘ओके’ हा प्रमाणित शब्दच नाही, तो का नाही हेही इथे दिसतं. परीक्षेत ‘रेडी फॉर टेकऑफ’ म्हणाल तर परीक्षक अडवेल. तो अडवतो त्यामागे हा इतिहास आहे.

आकड्यांचा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण पुण्यात त्याला वेगळं वजन आहे.

इंग्रजीत ‘टू’ म्हणजे ‘कडे’ही आणि ‘दोन’ही, ‘फोर’ म्हणजे चार आणि ‘फॉर’ म्हणजे ‘साठी’. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ला ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ अशी सूचना मिळाली. म्हणणाऱ्याच्या मनात २४०० फूट होते. कॉकपिटमध्ये ते ‘४०० फुटांवर या’ असं पोचलं, रीडबॅकही ‘फोर झिरो झिरो’ असाच गेला आणि तो दुरुस्त झाला नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. आज अशी सूचना ‘डिसेंड टू अल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी पूर्ण द्यायची असते: ‘अल्टिट्यूड’ (समुद्रसपाटीपासूनची उंची) हा शब्द मध्ये, ‘थाउजंड’ आणि ‘हंड्रेड’ सुटे, शेवटी ‘फीट’. फ्लाइट लेव्हल, म्हणजे प्रमाण दाबावर मोजलेली शेकड्यांतली उंची, सांगताना ब्रिटनसारख्या ठिकाणी ‘टू’ घालतच नाहीत.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १९४० फूट आहे. मुंबईला अल्टिट्यूड २००० फूट म्हणजे पायाखाली जवळजवळ तेवढीच मोकळी हवा असते. पुण्यात तीच २००० फूट म्हणजे धावपट्टीपासून जेमतेम साठ फूट, आणि ३००० फूट म्हणजे हजारभर. नैऋत्येला सिंहगडाचा माथा सुमारे ४३०० फुटांवर आहे. म्हणजे किनाऱ्यावर एखादा आकडा चुकला तर चूक लक्षात यायला थोडी जागा उरते, इथे ती उरत नाही. पुण्याच्या आसपास उडताना कुठलीही अल्टिट्यूड ऐकली की मनात लगेच १९४० वजा करून पाहायची. उत्तर विचित्र आलं तर ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा.

उंची चुकण्याची दुसरी वाट म्हणजे क्यूएनएच, अल्टिमीटरला दिलेला दाबाचा आकडा. एका हेक्टोपास्कलच्या फरकाने सुमारे २८ फूट चुकतात. २३ मे २०२२ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर कंट्रोलरने १००१ ऐवजी १०११ सांगितला. एका एअरबस ए-३२०च्या वैमानिकांनी जे ऐकलं तेच प्रामाणिकपणे परत म्हटलं. आयएलएस, म्हणजे धावपट्टीकडे नेणारी रेडिओ यंत्रणा, बंद असल्याने ते अल्टिमीटरच्या आधाराने उतरत होते. त्यांना वाटत होतं त्यापेक्षा विमान सुमारे २८० फूट खाली होतं आणि ढगातून, पावसातून येताना धावपट्टीच्या अलीकडेच ते जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर पोचलं. सुदैवाने धावपट्टी न दिसल्याने त्यांनी पुन्हा वर चढायला सुरुवात केलेली होती. त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी एका विमानाने सांगितलेला १०११ न म्हणता १००१ असा रीडबॅक दिला होता. चूक पकडण्याची ती संधी होती, तीही हातची गेली. फ्रेंच वैमानिकांशी फ्रेंचमध्ये बोलताना आकडा बरोबर दिला जात होता, पण तो इंग्रजी ऐकणाऱ्यांच्या उपयोगाचा नव्हता. फ्रिक्वेन्सीवर एकच भाषा का हवी, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तुम्ही स्वतःपुरतं एवढं करू शकता: एटिसमधला, म्हणजे विमानतळाच्या हवामानाच्या ध्वनिमुद्रित माहितीतला, क्यूएनएच आधी लिहून ठेवा आणि कंट्रोलरने दिलेला आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर विचारा. दोन मिनिटांत दाब दहाने बदलत नाही.

एका दमात खूप आकडे देणं हा कंट्रोलरचा दोष आहे. ‘हेडिंग (दिशा) टू फोर झिरो, फ्लाइट लेव्हल टू फाइव्ह झिरो, स्पीड टू फाइव्ह झिरो’ असं एका श्वासात सांगितलं की कुणाचंही डोकं त्यातला एक आकडा दुसऱ्याच्या जागी ठेवतं. तीन सूचनांच्या पुढे गेलं की रीडबॅकच्या चुका झपाट्याने वाढतात. मार्गदर्शक वेग मिनिटाला १०० शब्दांहून जास्त नसावा असा आहे. गर्दीच्या वेळी तो पाळला जात नाही आणि मग तीच सूचना दोनदा सांगण्यात दुप्पट वेळ जातो. वैमानिकाने अशा वेळी अंदाजाने भरपाई करू नये. जेवढं नक्की ऐकलं तेवढं म्हणावं आणि उरलेल्यासाठी ‘से अगेन स्पीड’ असं नेमकं विचारावं.

आता अपेक्षेबद्दल. रोज पुणे-दिल्ली करणाऱ्या वैमानिकाला रोज तीच लेव्हल मिळते. एखाद्या दिवशी वेगळी मिळाली तरी कान रोजचीच ऐकतो. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला ‘नंबर वन’, म्हणजे रांगेत पहिले, असं म्हणत सी-फाइव्ह या थांब्यापर्यंत यायला सांगितलं होतं. रीडबॅक बरोबर होता. तरीही आपल्याला धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली आहे अशी त्यांची समजूत झाली, ते धावपट्टीवर जाऊन थांबले आणि उतरणारं ए-३५० त्यांच्यावर आलं. तटरक्षक विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. प्रवासी विमानातले सगळे ३७९ जण बाहेर पडले. म्हणजे बरोबर रीडबॅक हीदेखील हमी नव्हे. धावपट्टीत शिरण्यासाठी चारच गोष्टी चालतात: क्रॉस (ओलांडा), बॅकट्रॅक (धावपट्टीवरून उलट दिशेने या), लाइन अप अँड वेट (धावपट्टीवर येऊन थांबा) किंवा थेट उड्डाणाची परवानगी. यातला एकही शब्द कानावर आला नसेल तर रेषेअलीकडे थांबायचं, मग तुमचा नंबर कितवाही असो. ‘अमुक विमान उतरल्यावर’ अशी अट असलेली परवानगी मिळाली तर अट आधी आणि शेवटीही म्हणायची असते: ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप बिहाइंड’. आणि ते एअरबस तुम्हाला डोळ्यांनी दिसत असेल तरच ती स्वीकारायची.

लोहगावची एक खास परिस्थिती आहे. हा हवाई दलाचा तळ, टॉवर हवाई दलाच्या हातात आणि प्रवासी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे. मुख्य धावपट्टी दहा-अठ्ठावीस (तिच्या दोन टोकांची ही दोन नावं), आणि तिच्यावर लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं दोन्ही येतात. अशा संयुक्त तळांवर लढाऊ विमान यूएचएफ या वेगळ्या पट्ट्यावर बोलत असेल तर व्हीएचएफवरच्या प्रवासी विमानाला त्याचं बोलणं ऐकू येत नाही. कंट्रोलर दोन्हीकडे बोलतो, वैमानिकांना एकमेकांचं चित्र मिळत नाही. वाहनांचंही तेच, त्यांच्याकडे बहुधा वेगळा वॉकीटॉकी असतो. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात उड्डाणाच्या वेगाने धावणाऱ्या एका ए-३२१च्या वैमानिकांना पुढे धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्यांनी नाक लवकर उचललं, विमानाच्या मागच्या भागाला इजा झाली, पण ते दिल्लीला सुखरूप उतरलं. म्हणून वाहन धावपट्टीवर असताना कंट्रोलरने केवळ आठवणीवर विसंबू नये. स्ट्रिप बोर्डवर ‘धावपट्टी व्यापलेली’ अशी लाल पट्टी आडवी ठेवावी आणि वाहनाने स्वतः ‘बाहेर पडलो’ म्हटल्याशिवाय उचलू नये. वैमानिकाने ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ ऐकल्यावरही एकदा धावपट्टीच्या टोकापर्यंत नजर टाकावी.

आपल्या देशातला धडा चरखी दादरीचा. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेलं सौदियाचं ७४७ लेव्हल १४०वर होतं, समोरून येणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ला १५० दिली होती. कझाक विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वैमानिकांच्या मागे वेगळा बसलेला होता, त्याच्यासमोर स्वतःचं उंचीचं यंत्र नव्हतं. शेवटच्या मिनिटात कंट्रोलरकडून ‘चौदा मैल’, मग ‘तेरा मैल, लेव्हल १४०’ असे आकडे गेले. कॉकपिटमधून उत्तर आलं ‘नाऊ लुकिंग’, त्यात स्वतःची लेव्हल नव्हती. कझाक विमान १५०च्या खाली गेलं आणि दोघांची टक्कर झाली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने चौकशी केली आणि पुढे भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. समोरच्या विमानाची माहिती मिळाली की उत्तरात आपली मंजूर लेव्हल जोडावी, ही सवय मी प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला लावेन.

संकटाच्या वेळी सौजन्य घात करतं. २५ जानेवारी १९९०ला न्यूयॉर्कजवळ एव्हियांकाचं ७०७ इंधन संपून पडलं, ७३ जण गेले. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली होती, इंधन संपत आल्याचंही सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर करणारा शब्द उच्चारला नव्हता. आता भाषा पक्की आहे. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे आणखी उशीर चालणार नाही, पण ही अजून आणीबाणी नाही. राखीव इंधनाला हात लावूनच उतरावं लागणार हे दिसलं, की आणीबाणीची हाक द्यायची: तीनदा ‘मेडे’ आणि पुढे ‘फ्युएल’. जेट विमानासाठी ते शेवटचं राखीव इंधन तीस मिनिटांचं असतं.

‘रॉजर’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच, होकार नव्हे आणि रीडबॅक तर नव्हेच. मार्ग, धावपट्टीशी संबंधित प्रत्येक परवानगी, लेव्हल, हेडिंग, वेग, क्यूएनएच आणि ट्रान्सपॉन्डर कोड (रडारवर विमान ओळखण्याचा आकडा) हे परत म्हणायचेच. वाऱ्याची माहिती परत म्हणायची गरज नाही.

तयारीसाठी दोघांनी बसा. एकाने कंट्रोलर व्हावं, एटिस आणि क्लिअरन्स लिहून काढावेत आणि मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने वाचावेत. दुसऱ्याने रीडबॅक द्यावा आणि मधूनमधून मुद्दाम एकच आकडा बदलावा: कधी क्यूएनएच, कधी कॉलसाइनचा शेवटचा अंक, कधी धावपट्टी ‘टू एट’च्या जागी ‘वन झिरो’. कंट्रोलर झालेल्याने तो तिथल्या तिथे पकडायचा. पकडल्यावर पूर्ण सूचना पुन्हा वाचत बसू नका. ‘निगेटिव्ह’, मग फक्त चुकलेला भाग बरोबर करून, आणि तेवढ्याचा रीडबॅक पुन्हा मिळेपर्यंत थांबायचं. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर ऐकताना किती चुका बोलण्याच्या झाल्या आणि किती ऐकताना सुटल्या, हे वेगवेगळं लिहा. दुसरी यादी लहान होत जाईपर्यंत जागा अदलून-बदलून हाच सराव करा.